तीनदा विचारणारा लाइनमन

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर नवरा-नवरीकडं न बघता आधी लोखंडी खांबाला टेस्टर लावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. यशवंत साळवे, रिटायर लाइनमन. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. आमच्या वाडीतल्या लग्नात अक्षता असोत, नाहीतर त्यांच्या वस्तीतल्या लग्नात बुद्धवंदना असो, टेस्टर दोन्हीकडं सारखाच फिरायचा. चारी खांब झाले, मंडपवाल्याच्या वायरीचा जोड कुठं उघडा नाही ना हे बघून झालं, की मग ते पुढं जाऊन बसायचे. एकदा एक वरबाप वैतागून म्हणाला, "मामा, आहेर करायला आलाव का वायरिंग तपासायला?"

मामा म्हणाले, "ह्योच माजा आहेर हाय. नवरदेव सुखरूप घरी जाईल."

मी बाळू. मेंढपाळाच्या घरचा. आठवीत असताना बापाच्या मेंढरांमागं एक माणूस कमी पडायला लागला आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. आज मी तमिळनाडूत होसूरजवळ एका कारखान्यात विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या जोडतो. भाषा येत नाही, रोजचा भात सोसत नाही, पण काम येतं. ते काम ज्यांनी हातात दिलं त्यांच्याविषयी आज रविवारची सुट्टी धरून लिहायला बसलोय. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. मामांविषयी वाईट लिहिण्यासारखं काही नाहीच. जे वाईट आहे ते माझ्याकडचं आहे, आणि ते वगळून त्यांच्याविषयी लिहिता येत नाही.

बीड जिल्ह्यात लिंबागणेशच्या रस्त्याला आमची वाडी आणि त्यांची वस्ती हाकेच्या अंतरावर. नोकरीच्या शेवटच्या वर्षात मामा खांबावरून पडले आणि उजव्या गुडघ्यात सळई बसली. रिटायर झाल्यावर लोकांच्या घरची फिटिंग करून द्यायचे, पण शिडी चढवेना. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, बापानं मेंढरं विकलेली, मी रिकामा. मामा म्हणाले, "तू वर चढ, मी खालून अक्कल देतो. अक्कल द्यायला गुडगा लागत न्हाई." असं आमचं जमलं.

विजेला ते 'ती' म्हणायचे. घरातल्या कुणा वडीलधाऱ्या बाईविषयी बोलावं तसं. "तिला मालक-नोकर कळत न्हाई. जात तर त्याहून न्हाई. सगळ्यास्नी सारखाच झटका देती. म्हणून मला ती लई आवडती."

आणि तिला हात लावायच्या आधी ते तीनदा विचारायचे. मी खांबावर, मामा खाली, आणि डीपीपाशी फ्यूज काढायला तिसरा कुणीतरी. डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. मामा ओरडायचे, "बंद हाय का?" तिकडून, "हाय!" पुन्हा, "बंद हाय का?" पुन्हा, "हाय!" तिसऱ्यांदा मात्र नुसत्या 'हाय'वर भागायचं नाही. ज्यानं लाइन बंद केली त्यानं स्वतःचं नाव घ्यायचं. "बंद हाय, मी अमुक तमुक." नाव आलं नाही तर काम बंद. एकदा गावात कुठलंसं उद्घाटन होतं आणि ऐनवेळी लाइन गेली. वीज मंडळाचे खुद्द साहेब डीपीपाशी उभे राहिले. त्यांनी दोनदा 'हो हो, बंद आहे' केलं. मामा हलेनात. मला वर चढू देईनात. शेवटी साहेबांनी सगळ्या गावासमोर बापाच्या नावासकट आपलं पूर्ण नाव ओरडून सांगितलं तेव्हा कुठं मामा मला म्हणाले, "चढ आता."

लोक हसायचे. मीही हसायचो. एकदा विचारलं, "मामा, ह्ये नावाचं काय?"

चहा बशीत ओतत म्हणाले, "माज्या जोडीला एकजण व्हता. खांबावर गेलता. खालून आवाज आला, बंद हाय. त्यानं हात लावला." चहा न पिताच बशी खाली ठेवली. "मागून लई चौकशी झाली. आवाज सगळ्यांनी ऐकलता. पण आवाजाला नाव नव्हतं."

त्यानंतर मी हसलो नाही.

मामांचा दरबार फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर भरायचा. सकाळी पेपर यायचा आणि मामा तो मोठ्यानं वाचायचे, स्वतःची भर घालून. त्या दिवसांत पेपरात विजेच्या गाड्यांचं रोज काही ना काही यायचं. सरकार अनुदान देणार, सरकार अनुदान कमी करणार, लोक गाड्या घेतायत, लोक गाड्या घेत नाहीयेत. टपरीवर मामांचा खरा विरोधक एकच, इस्माईलभाई. त्यांची डिझेल रिक्षा होती, तिला रोज सकाळी चार माणसांनी ढकलल्याशिवाय जाग यायची नाही.

इस्माईलभाई म्हणायचे, "मामू, डिझल संपलं तर बाटलीत आणता येतं. करंट संपला तर काय बादलीत आणू?"

"आन आपल्या गावात करंट असतो कवा?" दुसरा कुणीतरी.

"आन आमच्या पैशानं दुसऱ्याच्या गाडीला अनुदान कावून?" तिसरा. "ज्याला पाहिजे त्यो घील की पूर्ण पैशे दिऊन. लोकास्नी नकोच हाय तर सरकार कशाला गळ्यात मारतंय?"

मामा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मग पेपराची घडी घालायचे. "इस्माईल, तुजी रिक्षा आज सकाळी कशी चालू झाली?"

"धक्का मारून. रोजच्यासारखी."

"त्यो धक्का म्हंजे अनुदान. एकदा इंजिन पेटलं की धक्का मारणाऱ्यानं बाजूला व्हायचं, न्हाईतर त्येच तोंडावर पडंल. पण पेटायच्या आदीच हात काढला तर रिक्षा चढावर उभी ऱ्हाती आन सगळे म्हणत्यात, इंजिनच खराब."

इस्माईलभाई सगळ्यांत मोठ्यानं हसले होते. "वा मामू! माझ्याच रिक्षानं मला मारलं!"

पण मामांचं हे नुसतं तोंडचातुर्य नव्हतं. त्यांच्या पोटात एक गोष्ट होती. ते लहान असताना त्यांच्या वस्तीत सरकारनं घरटी एक बल्ब फुकट द्यायचं ठरवलं. वायरी गावापर्यंत आलेल्या, वस्तीत नाही. बल्ब द्यायला माणूस आला तर वस्तीनं नको म्हटलं. बिल कोण भरणार, आग लागली तर काय, आपल्याला दिव्याची काय गरज. मामांच्या वडिलांनी एकट्यानं होय म्हटलं आणि गावातून एक वायर त्यांच्या घरापर्यंत ओढली गेली. "पंधरा दिवस एकच बल्ब व्हता वस्तीत," मामा सांगायचे. "बाया सुपं घिऊन आमच्या अंगणात यायच्या ज्वारी निवडायला. मग सगळ्या वस्तीनं बल्ब मागितला. पेपरवाले लिवत्यात मागणी न्हाई, मागणी न्हाई. आरं, मागायला आदी उजेड दिसावा लागतो."

आणि एके दिवशी टपरीवर त्यांनी जाहीर केलं, "फाट्यावर विजेची पहिली रिक्षा माजी यील." आयुष्यभर जमवलेल्यातून गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जे उरलं होतं त्यात पूर्ण किमतीची गाडी बसत नव्हती. अनुदान धरलं तर बसत होती, काठावर. चतुर्थीला फाट्यापासून लिंबागणेशच्या गणपतीपर्यंत माणसं न्यायची, एरवी वस्तीतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात. "खांबावर चढून लोकांच्या घरी वीज पोचवली. आता बसून चालवीन," म्हणाले. हे बोलताना त्यांचे दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढं आले होते. ते त्यांना कळलं नाही. मला दिसलं.

याच सुमारास मला बीडमध्ये नोकरी लागली, तीही मामांमुळंच. विजेच्या तीनचाकी गाड्यांचं नवं दुकान निघालं होतं. मामा मला घेऊन गेले आणि शेठला म्हणाले, "आठवीच शिकलाय, पण हात चांगला हाय. आन खोटं बोलत न्हाई." बीडमध्ये खोली भाड्यानं घ्यायची तर ओळखीच्या माणसाची कागदं लागत होती. मामांनी आपल्या आधार कार्डाची प्रत माझ्या पिशवीत टाकली. कशाला, किती दिवस, काही विचारलं नाही.

शेठ वाईट बोलायचा नाही. मला 'बाळासाहेब' म्हणायचा. दुकानात चौकशीला माणसं यायची, गाडीवर बसून फोटो काढायची आणि जायची. एक दिवस त्यानं आम्हा कामगारांना आत बोलावलं. "वरून विचारतायत, विक्री का नाही. विक्री दिसली तर माल मिळतो, माल असला तर गिऱ्हाईक येतं. तर आधी कागदावर विक्री दाखवायची. अनुदान जमा झालं की पुढच्या दोन महिन्यांत गाड्या खऱ्या विकू आणि नावं सरळ करून टाकू. प्रत्येकानं आपापल्या गावची थोडी नावं आणा."

मी म्हणालो, "शेठ, ज्याच्या नावावर दाखवू त्याला मागून खरी गाडी पाहिजे असली तर?"

"तुमच्या गावात कोण घेतोय विजेची गाडी, बाळासाहेब?" तो हसला. "पेपर वाचत नाही का? मागणीच नाही."

एक माणूस मला माहीत होता. मी त्याचं नाव तिथं घेतलं नाही. मला वाटलं, दोन महिन्यांत सरळ होणारच आहे. खरं सांगायचं तर असं काही वाटलं नाही. नोकरी जाईल एवढंच वाटलं. खोलीत जाऊन पिशवी उघडली तर सगळ्यात वर मामांचंच कार्ड होतं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात दिलं आणि तिथूनच मामांना फोन लावला.

"मामा, मोबाईलवर एक नंबर आला असंल."

"आला की. थांब, चष्मा घिऊ दे." मग एकेक आकडा सावकाश सांगितला. "लिवला का? ... बरोबर लिवला का, का परत सांगू? ... बघ, चुकला तर तुजं काम आडंल."

तीनदा विचारलं त्यांनी. मला नीट लिहिता आलं का, एवढंच विचारलं. कशाचा नंबर, कुठं लावणार, हे एकदाही नाही. मी कॉम्प्युटरवाल्याला आकडे सांगितले आणि त्यानं बटण दाबलं.

दोन महिने झाले, चार झाले. नावं सरळ झाली नाहीत. मामांनी मात्र पैसे बाजूला काढून ठेवले होते. मला म्हणाले, "तुज्याच दुकानातून घिऊ." मी म्हणालो, आमच्याकडं माल नाही. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, रंग चांगले नाहीत. शेवटी ते दुसऱ्या दुकानात निघाले आणि मला बरोबर घेतलं, कारण मी जाणकार.

त्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. गाडीभोवती दोन चकरा मारल्या. टायर दाबून बघितलं नाही, जसं लोक बघतात. वाकून खाली चार्जरची वायर बघितली आणि मान हलवली. मग काउंटरवरच्या मुलीनं त्यांचा आधार नंबर टाकला आणि थांबली.

"काका, तुम्ही या योजनेत आधीच एक गाडी घेतलीय. दुसऱ्यांदा अनुदान नाही मिळत."

मामा हसले. "माज्या नावावर गाडी? मग चावी दी की बाई, चालवत घरी जातो."

मुलगीही हसली. पुन्हा नंबर टाकला. पुन्हा तेच. मामांनी माझ्याकडं वळून बघितलं. "बाळू, ह्ये काय म्हणतंय?"

"कॉम्प्युटरची चूक असंल, मामा," मी म्हणालो.

"आसंल," ते म्हणाले. "मशीनबी चुकतं. आपण अर्ज करू."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिले. ठळक, सरळ अक्षरात, प्रत्येक ओळीखाली बोटभर जागा सोडून. बीडला तीन चकरा मारल्या. एसटीची पायरी चढताना सळईचा पाय आधी वर टाकायचे आणि मग दुसरा ओढून घ्यायचे. दोन वेळा मीच त्यांचा हात धरून चढवलं. हात धरताना मला काहीच कसं वाटलं नाही, याचा मी आता विचार करतो. वाटत होतं. पण मी धरतच होतो.

त्या अर्जांनीच चौकशी सुरू झाली. एका सकाळी फाट्यावर जीप थांबली. मी सुट्टीवर होतो, टपरीवरच होतो. चौकशीला आलेल्या साहेबांनी कागद काढून नावं वाचली. आमच्या वाडीतली दोन-तीन, आणि "यशवंत साळवे. गाडी कुठं आहे? दाखवा."

मामा उठले. "गाडी न्हाई, साहेब. त्येचाच तर अर्ज केलाय मी."

"अनुदान उचललेलं दिसतंय तुमच्या नावावर."

मग मागच्या बाकड्यावरून कुणीतरी बोललं, "आरं, मामा अनुदानाचं गाणं फुकट गात नव्हते म्हणायचं!" दोघं-तिघं हसले. "मामा, गाडी कुटं लपवलीय? धक्का मारायला येऊ का?"

मामांची नजर बाकड्यांवरून फिरली. हसणाऱ्यांत इस्माईलभाई नव्हते. त्यांनी आपला अर्धा चहा बशीत ओतून मामांपुढं सरकवला. मामांनी तो घेतला नाही. पेपर बाकड्यावर तसाच उघडा टाकून चालत घरी गेले.

मी तिथं दहा फुटांवर होतो. एक वाक्य लागत होतं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्या दारात आले. आईनं पाणी दिलं. आई आत गेल्यावर त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. ते कुठलाच मेसेज पुसत नसत. तो नंबराचा मेसेज तिथं होता, तारखेसकट.

"ह्यो नंबर मी एकाच माणसाला सांगितलाय," ते म्हणाले.

मी खाली बघत राहिलो. शेठ म्हणाला, नोकरी गेली असती, सरळ करणार होते, हे सगळं घशापर्यंत आलं. मामा थांबले होते. शिडीखाली उभं राहून पलीकडून आवाज यायची वाट बघायचे, तसेच थांबले होते.

"बरं," ते म्हणाले. "उद्या साहेबांनी जबाब द्यायला बोलावलंय. तुजं नाव मी घेणार न्हाई, बाळू. ज्यानं लाइन बंद केली त्यानंच नाव सांगायचं आसतं. दुसऱ्यानं सांगितलं तर ती चुगली हुती." काठी टेकत उठले. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "तुज्या आईला ह्यातलं काई सांगू नको."

जबाबात त्यांनी लिहिलं की नंबर आपण निष्काळजीपणानं कुणालातरी सांगितला, कुणाला ते आठवत नाही. ज्या माणसानं आयुष्यात एकदाही निष्काळजीपणानं तारेला हात लावला नाही, त्यानं सरकारी कागदावर स्वतःला निष्काळजी लिहून खाली सही केली. शेठनं दुकान बंद केलं. चौकशी चालू राहिली, आणि ती संपेपर्यंत साळव्यांच्या नावावर ती नसलेली गाडी राहिली. मी एका ठेकेदाराबरोबर होसूरला निघून आलो. लोकांना सांगितलं, पगार जास्त आहे.

इथं बॅटरी उघडायच्या आधी मी बाजूच्याला दोनदा-तीनदा विचारतो. सुपरवायझर सगळ्यांना दाखवतो, ह्याच्याकडून शिका म्हणतो. मला अशा वेळी कुठं बघावं ते कळत नाही.

मामांना फोन करतो. ते उचलतात, हे जास्त वाईट. "जेवला का? तिकडं पाऊस हाय का? मिशीनवर हातमोजे घालून काम करतोस ना?" एवढं. त्या गोष्टीचा शब्द नाही. एकदा मामींनी उचलला. म्हणाल्या, "फाट्यावर जात न्हाईत आता. पेपर घरी येतो, पण घडीसुदिक मोडत न्हाईत. इस्माईलभाई येत्यात आन म्हणत्यात, चला मामू, तुमच्याबिगर भांडायला कुणी न्हाई. तर ह्ये म्हणत्यात, माजं म्हणणं चुकलं आसंल." मग मामींनीच विचारलं. "तुमीच सांगा बाळूदादा, ह्यांचं काय चुकलं?"

मला सांगता आलं असतं. चूक त्यांच्या म्हणण्यात नव्हती. माझ्यासारख्यांनी कागदावर खोटे बल्ब लावले, आणि मग पेपरात आलं की लोकांना उजेड नकोच होता. पण मी म्हणालो, "रेंज न्हाई मामी, आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. जबाबाच्या कागदावर अजून माझं नाव नाही. ते लिहायला मला कुणी अडवलेलं नाही.

गेल्या वेळी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावी गेलतो. परतायच्या दिवशी चतुर्थी होती. आईनं गणपतीला नारळ फोडायला पाठवलं म्हणून लिंबागणेशला उतरलो. देवळाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत विजेच्या तीन-चार रिक्षा उभ्या होत्या, कुठल्या कुठल्या गावच्या. नारळ घेत होतो तेवढ्यात मामा दिसले. ते देवळात गेलेले नव्हते, ते जात नाहीत. एका रिक्षापाशी उभे होते. ती रिक्षा एक तरुण बाई चालवत होती, माझ्या ओळखीची नव्हती. मामा तिला वाकून चार्जरच्या वायरीचं काहीतरी दाखवत होते. तिनं मान डोलावली, मग हसून काहीतरी विचारलं. मामांनी नको नको म्हणून हात हलवला. तिनं पुन्हा म्हटलं आणि चावी पुढं केली.

मामांनी काठी तिच्याकडं दिली. सळईचा पाय हातानं उचलून आत ठेवला आणि बसले. पाठ ताठ, दोन्ही हात हँडलवर. रिक्षा आवाज न करता निघाली आणि त्या मोकळ्या जागेतून गोल फिरली. इतकी सावकाश की एक कुत्रं बाजूनं चालत तिच्या पुढं गेलं. मामा इकडंतिकडं बघत नव्हते. एकच फेरी मारली आणि जिथून निघाले होते तिथंच आणून उभी केली.

मी नारळाच्या दुकानाआड होतो. वीस पावलं असतील. बीडच्या बसचा कंडक्टर घंटी देत होता.

मामा उतरले. खिशातून रुमाल काढून आपण बसलो होतो तेवढी सीट पुसली, आणि चावी दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली.